शब्द काढून घेतले तर नाटकात उरतं काय? : शेक्सपिअरचे मूकपट

गेल्या दोन व्याख्यानांत आपण ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तल्या अनुकरणाच्या कल्पनेचा विचार केला. दुसरं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने जिन्यातच आम्हांला गाठलं आणि विचारलं, ‘सर, मूकपटांच्या काळात शेक्सपिअरची नाटकं पडद्यावर आली होती म्हणतात. ती आली कशी? शेक्सपिअर आणि मुका? म्हणजे मीठ काढून घेतलेलं लोणचंच की!’ त्यांनी हसत विचारलं, आम्हीही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कारण प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. शेक्सपिअरच्या बहुतेक नाटकांची कथानकं उसनी आहेत. इटालियन कथांमधून, प्लुटार्कच्या चरित्रांतून, जुन्या बखरींतून उचललेली. त्याचं स्वतःचं, निखळ त्याचं म्हणावं असं जे आहे ते म्हणजे त्याची भाषा. ती काढून घेतली की खाली उसनी गोष्ट तेवढी शिल्लक राहते. आणि तरीही १८९९ ते १९२७ या काळात इंग्लंड, फ्रान्स, इटली, जर्मनी, डेन्मार्क, अमेरिका या देशांत शेक्सपिअरवर शेकड्यांनी मोजावेत इतके मूकपट निघाले. पैसे घालणारे काही खुळे नव्हते आणि तिकीट काढून बघणारेही खुळे नव्हते. मग त्यांना त्यात दिसत काय होतं?

इथे एक कबुली देऊन टाकतो. सौंदर्यशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं लेसिंगचा ‘लाओकोऑन’ शिकवला. १७६६ सालचा ग्रंथ. प्रत्येक कलेचं माध्यम वेगळं, त्या माध्यमाला जे झेपतं तेच तिने करावं, असा त्याचा ढोबळ आशय. चित्राने कवितेच्या प्रांतात घुसू नये, कवितेने चित्राच्या. आणि ‘माध्यमाची गफलत’ कशाला म्हणतात हे सांगायला आम्ही हमखास उदाहरण द्यायचो ते मूकपटातल्या हॅम्लेटचं. तोंड हलतंय, स्वगत चाललंय, आणि ऐकू काहीच येत नाही! वर्ग हसायचा. यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की तोवर आम्ही त्यातला एकही मूकपट पाहिलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर, या सगळ्या फिती संगणकावर सहज दिसायला लागल्यावर, त्या एकेक करून पाहिल्या आणि आमचं मत बदललं. ते कसं बदललं, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात सुरुवातीपासूनच करू. सप्टेंबर १८९९. लंडनमध्ये हर्बर्ट बीअरबोम ट्री या बड्या नटाचं ‘किंग जॉन’ हे नाटक हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये उभं राहत होतं. त्याच सुमाराला ब्रिटिश म्युटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीने ट्री आणि त्यांच्या नटांना थेम्सकाठच्या आपल्या उघड्या स्टुडिओत बोलावलं आणि नाटकातले चार प्रसंग कॅमेऱ्यावर घेतले. त्यांतला एकच आज टिकून आहे, ॲम्स्टरडॅमच्या चित्रपट संग्रहालयात. जेमतेम एक-दीड मिनिटाचा. विषबाधा झालेला राजा पांढऱ्या झग्यात खुर्चीवर बसलाय, अंगाची आग होतेय, हात छातीशी जातात, पुन्हा हवेत झेपावतात, शरीर खुर्चीत पिळवटून निघतं. बाजूला राजपुत्र आणि सरदार. मागे रंगवलेला पडदा. बस्स, एवढंच. शेक्सपिअरच्या नाटकाचं हे आपल्याला ठाऊक असलेलं पहिलं चित्रण.

आता हे बघताना आजचा माणूस म्हणतो, किती भडक अभिनय! पण थांबा. ही फीत लंडनमध्येच पॅलेस थिएटरात दाखवली जात होती, आणि तिथून थोड्याच अंतरावर खरं नाटक चालू होतं. फीत ही नाटकाच्या जागी आलेली नव्हतीच. ती नाटकाची वानगी होती. दुकानदार हातावर चिमूटभर फरसाण ठेवतो ना, तसं. ज्याला शब्द हवेत त्याने दोन गल्ल्या ओलांडून जावं आणि ऐकावेत.

आपल्या परंपरेत यासाठी नेमकी परिभाषा आहे. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे अंगाने करायचा, वाणीने करायचा, वेशभूषा-रंगभूषेने साधायचा, आणि अंतःकरणातून उमटणारा, ज्यात घाम, कंप, अश्रू वगैरे येतात तो. वाणी हे नाट्याचं शरीर आहे, तिच्यावर कष्ट घ्या, असंही नाट्यशास्त्र बजावतं. म्हणजे मूकपटाने चारांतला एक खांब काढून घेतला, आणि तोही मुख्य. ट्रीच्या त्या दीड मिनिटात उरलेले तिन्ही मात्र भरपूर आहेत. आंगिक तर ओसंडून वाहतंय. ॲरिस्टॉटलचा हिशेब याच्या अगदी उलट. त्याच्या लेखी दृश्य हा शोकांतिकेचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. कथा नुसती ऐकली तरी अंगावर काटा यायला हवा, असं तो म्हणतो. म्हणजे मूकपटवाल्यांनी ॲरिस्टॉटलने सर्वांत खाली ठेवलेला भाग उचलला आणि त्यावरच दुकान थाटलं. तेव्हा आमचं लेसिंगवालं हसणं वरवर पाहता चुकीचं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सारा बर्नहार्टचा हॅम्लेट दाखवला गेला. हॅम्लेट आणि लेअर्टीझ यांच्या तलवारबाजीचा तेवढाच प्रसंग. पंचावन्न वर्षांची बाई, राजपुत्राच्या वेषात. पडद्यावरचा हा पहिला हॅम्लेट, आणि तो बाईने केलेला! बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला पुरुषाने स्त्री व्हावं याचं नवल नाही; हे नेमकं उलटं. शिवाय ही फीत पुरती मुकी नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या नळकांड्यावरून तलवारींचा खणखणाट ऐकवण्याची सोय होती. म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातला पडद्यासोबत वाजलेला पहिला आवाज शब्दाचा नाहीच, लोखंडाचा आहे. ही बाब आम्हांला फार गमतीची वाटते.

१९०८च्या आसपास चित्र पालटलं. अमेरिकेत गल्लोगल्ली पाच सेंटची सिनेमाघरं निघाली होती आणि प्रतिष्ठित मंडळी त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. अंधारात पोरंटोरं बसतात, खून-दरोडे बघतात, बिघडतात. शिकागो शहराने तर १९०७ सालीच चित्रपट आधी पोलिसांना दाखवून परवाना घेण्याचा नियम केला. मग धंद्याला अब्रू हवी होती. शेक्सपिअरइतकी अब्रू दुसऱ्या कुणाकडे? आणि पुन्हा त्याच्या हक्काचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत! व्हिटाग्राफ कंपनीने १९०८पासून ‘मॅकबेथ’, ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘ज्युलिअस सीझर’, ‘किंग लिअर’, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ अशी एकेका रिळाची नाटकं काढली. एक रीळ म्हणजे दहा ते पंधरा मिनिटं. लिअर राजाचं सगळं आयुष्य पंधरा मिनिटांत!

त्यातल्या ‘मॅकबेथ’चं काय झालं ते ऐकण्याजोगं आहे. अब्रूसाठी शेक्सपिअर आणला आणि शिकागोच्या पोलिसांनी त्याच्यावरच कात्री चालवली. का? तर खुनाचं दृश्य. डंकन राजाचा खून नाटकात रंगमंचावर होतच नाही. तो आत होतो. मॅकबेथ रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येतो आणि मग जे बोलणं होतं त्यातून तो खून आपल्या मनात घडतो. चित्रपटात बोलणंच नाही, म्हणून खून दाखवावा लागला. पोलिसांचं म्हणणं असं की नाटकात सुरा नजरेत भरत नाही, इथे तो शिरताना आणि निघताना दिसतो. आम्ही अनेक वर्षं वाङ्मयीन समीक्षा वाचली. पण शब्द आणि दृश्य यांतला फरक शिकागोच्या त्या पोलीस खात्याइतका नेमका फार थोड्यांनी सांगितला असेल. शब्द झाकतो आणि झाकून दाखवतो. कॅमेऱ्याला झाकणं तेव्हा यायचं होतं.

मात्र त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी स्टो या दिग्दर्शकाने क्लॅरंडन कंपनीसाठी ‘द टेम्पेस्ट’ केला, सुमारे बारा मिनिटांचा, आणि तो पाहिला तेव्हा आमच्या मताला पहिला तडा गेला. नाटकात काय होतं? आधी वादळ, मग दुसऱ्या प्रवेशात प्रॉस्पेरो आपल्या मुलीला, मिरांडाला, जुनी हकिगत सांगत बसतो: आपल्याला राज्यातून कसं हाकललं, या बेटावर आपण कसे आलो. ते निवेदन इतकं लांबतं की तो स्वतःच तिला ‘ऐकतेयस ना?’ अशा अर्थाचं विचारत राहतो. रंगमंचावर भल्याभल्या नटांचा तिथे कस लागतो. स्टोने काय केलं, तर ते सगळं निवेदन उचललं आणि घडलं त्या क्रमाने दाखवलं. तान्ह्या मिरांडाला घेऊन प्रॉस्पेरो बेटावर उतरतो, कॅलिबन सापडतो, झाडात अडकलेली एरिएल मुक्त होते. एरिएल म्हणजे एक छोटी मुलगी. कॅमेरा थांबवून, पुन्हा चालू करून ती क्षणात नाहीशी होते. आणि वादळ? गुहेच्या तोंडातून बाहेर पाहावं तसं, खडकांच्या चौकटीत, उसळता समुद्र आणि बुडतं जहाज. एका चित्रात दुसरं चित्र. इथे शब्द गळालेला नाही. त्याचं दृश्य झालंय. कुणी म्हणेल, ही नुसती जादूच्या खेळातली हातचलाखी. असेल. प्रॉस्पेरोसुद्धा जादूगारच होता.

तरीही स्टोसारखे थोडे. बाकीचे बहुतेक ट्रीच्या वाटेने गेले. आणि खुद्द ट्री यांचं पुढे काय झालं, ते तर अजबच आहे. फेब्रुवारी १९११मध्ये विल बार्कर नावाच्या निर्मात्याने त्यांचं ‘हेन्री द एट्थ’ नाटक आपल्या ईलिंगच्या स्टुडिओत चित्रित केलं. ट्री यांना त्यासाठी १००० पौंड दिले. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. मग बार्करने जाहीर केलं की हा चित्रपट फक्त सहा आठवडे दाखवला जाईल आणि त्यानंतर सगळ्या प्रती जाळून टाकल्या जातील. लोकांना वाटलं, जाहिरातबाजी. पण एप्रिलमध्ये त्याने खरोखर सगळ्या प्रती परत मागवल्या आणि लोकांसमक्ष पेटवून दिल्या. घासून, ओरखडे पडून खराब झालेल्या प्रती गावोगाव फिरू नयेत, हा एक उद्देश. आणि ‘आत्ता पाहा, पुन्हा दिसणार नाही’ हा दुसरा.

आम्हांला हा प्रसंग तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. नाटकाचं स्वरूपच असं की प्रयोग संपला की तो संपला. चित्रपटाचं नेमकं उलट, तो राहतो. बार्करने चित्रपट जाळून त्याला नाटकासारखं मर्त्य करून टाकलं. त्या माणसाला हे असं सुचलं असेल असं आम्ही म्हणत नाही, तो धंदेवाईक होता. पण तेव्हाच्या माणसांच्या मनात चित्रपट म्हणजे नाटकाचाच एक धाकटा भाऊ होता, हे त्या जाळातून स्वच्छ दिसतं. परिणाम मात्र आपल्या वाट्याला आला. ट्री यांचा कार्डिनल वुल्झी कसा होता, ते आता कुणालाही पाहता येणार नाही. ते पुढे अमेरिकेत ‘मॅकबेथ’ करायला गेले, १९१६ साली. तिथला एक किस्सा सांगतात: साहेब कॅमेऱ्यासमोर सगळी भाषणं पूर्ण म्हणायचे, एक ओळ सोडायचे नाहीत, शेवटी फीत वाया जाऊ नये म्हणून लोकांनी एक रिकामा कॅमेरा शेजारी ठेवला आणि लांबलचक भाषण सुरू झालं की तो फिरवत बसायचे. खरंखोटं देव जाणे. तो चित्रपटही आज उपलब्ध नाही.

आता फ्रेडरिक वॉर्ड. हा अमेरिकेत गावोगाव शेक्सपिअर करत फिरलेला जुना नट. १९१२ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने ‘रिचर्ड द थर्ड’ पडद्यावर केला. चांगला पाच रिळांचा, पाऊण तासाच्या वरचा चित्रपट. तो सुरू होतो तेव्हा वॉर्ड आधी साध्या पोशाखात, आपल्या रोजच्या रूपात दिसतो आणि प्रेक्षकांना लवून नमस्कार करतो. मग कुबड्या रिचर्ड अवतरतो. शेवटी पुन्हा वॉर्ड, पुन्हा नमस्कार. नाटकात पडदा पडल्यावर करतात तसा. सारा बर्नहार्टच्या १९१२च्या ‘क्वीन एलिझाबेथ’मध्येही राणी मरते आणि मरून झाल्यावर उठून लवते. आम्ही वर्गात यावरही हसायचो.

पण वॉर्ड एवढ्यावर थांबला नव्हता. तो त्या चित्रपटाबरोबर स्वतः फिरायचा. गावात खेळ लागला की आधी व्याख्यान द्यायचा आणि रीळ बदलण्यासाठी खंड पडला की त्या वेळात नाटकातली भाषणं म्हणून दाखवायचा. डोळ्यांसमोर चित्र पाहा: पडद्यावर मुका रिचर्ड, आणि पडद्याशेजारी तोच माणूस, बोलका. अंग तिकडे, वाणी इकडे. आंगिक आणि वाचिक यांची वाटणी! आपल्याकडे कीर्तनात बुवा उभे राहून आख्यान सांगतात, चित्रकथीत चित्रं पुढे धरून गोष्ट गायली जाते. त्यात चित्र अपुरं आहे असं कुणाला वाटत नाही. वॉर्डचा चित्रपट म्हणजे हलणारी चित्रकथी होती. आपण आज नुसती फीत पाहतो आणि म्हणतो, ‘अपुरं वाटतं.’ अहो, अर्धा खेळ तर पडद्याबाहेर चालायचा.

ही फीत कित्येक दशकं नाहीशी झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९६ साली ओरेगॉनमधल्या पोर्टलँडच्या एका माणसाने, पूर्वी सिनेमाघरात प्रोजेक्टर चालवायचा त्याने, आपल्या संग्रहातले जुने डबे अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटला देऊन टाकले. त्यांत हा निघाला, जवळजवळ अखंड. पूर्ण लांबीचा, टिकून राहिलेला अमेरिकेतला सर्वांत जुना कथापट म्हणून त्याची गणना होते. पुढे त्याला एन्निओ मोरिकोने यांनी संगीत दिलं. संगीत सुंदर आहे. पण वॉर्डची वाणी त्याने भरून निघत नाही, असं आमचं मत.

आता त्या हॅम्लेटकडे, ज्याची आम्ही वर्गात टिंगल करायचो. जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन. इंग्लिश रंगभूमीवरचा त्याच्या पिढीतला नावाजलेला हॅम्लेट. ही भूमिका त्याने प्रथम १८९७ साली केली होती. १९१३ साली, साठाव्या वर्षी, तो रंगभूमीचा निरोप घेत होता आणि त्याच वर्षी हेपवर्थ कंपनीने त्याचा हॅम्लेट चित्रित केला. साधारण तासाभराचा. डॉर्सेटमधल्या लल्वर्थच्या समुद्रकाठी खडकांवर एल्सिनोरचा किल्ला उभारला. खऱ्या लाटा, खरा वारा. त्या खऱ्या खडकांपुढे साठीचा गृहस्थ तरुण राजपुत्र म्हणून उभा राहतो, आणि बोलतो. सगळं बोलतो. ओठ हलतात, भुवई किंचित चढते, हात अर्ध्यात थांबतो. ते प्रसिद्ध स्वगत तो पडद्यावर मुक्याने पार पाडतो. मधल्या पाट्यांवर शब्द येतात ते थोडेच.

हे पाहताना आम्हांला काय झालं ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं खाजगी बोलावं लागेल. गेली काही वर्षं आमचे कान साथ देत नाहीत. यंत्र लावतो, पण नाट्यगृहात त्याचा फारसा उपयोग होत नाही. खोकला मोठा ऐकू येतो आणि संवाद बारीक. मध्यंतरी नातीने ‘एकच प्याला’च्या प्रयोगाला नेलं. पाचव्या-सहाव्या रांगेत बसलो होतो. नटांचे अर्धे शब्द पोचत नव्हते. पण गडकऱ्यांचं ते नाटक आम्ही शाळेपासून इतक्यांदा वाचलं आणि पाहिलंय की ओठ हलला की शब्द आतून उमटायचा. सुधाकराचं वाक्य आम्ही ऐकलं की आठवलं, हे मध्यंतरात सांगता येईना. दुसऱ्याच आठवड्यात एका नव्या नाटकाला गेलो आणि पहिल्या अंकानंतर उठून आलो. तिथे काहीच ऐकू आलं नाही. कान तेच, यंत्र तेच.

मग उजेड पडला. फोर्ब्स-रॉबर्टसनच्या प्रेक्षकांत अशी कितीतरी माणसं होती ज्यांना ते स्वगत तोंडपाठ होतं. अमेरिकेतल्या शाळांच्या वाचनमालांत शेक्सपिअरचे उतारे असायचे, पोरं ते उभं राहून म्हणायची; इंग्लंडात स्वस्त आवृत्त्या घरोघर होत्या. त्या प्रेक्षकाला ओठ हलताना दिसले की पुरे. मूकपट मुका नव्हताच. त्यातलं वाचिक प्रेक्षकाच्या डोक्यात होतं. आज आपल्याला तो मुका दिसतो, याचं कारण फितीत कमी आणि आपल्यात जास्त आहे. आमच्या वर्गातली मुलं हसायची, कारण त्यांना शब्द पाठ नव्हते. आणि आम्ही हसायचो, कारण ही फीत कुणासाठी काढली हे विचारायचं आम्हांला सुचलं नव्हतं. माध्यमाची गफलत त्यांच्याकडून झाली नव्हती, आमच्याकडून झाली होती. कलाकृती म्हणजे पडद्यावर दिसतं तेवढीच, असं आम्ही धरून बसलो होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. १९१६ साली हार्वर्डचे तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी चित्रपटावर ‘द फोटोप्ले’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, चित्रपट ही नाटकाची नक्कल नाहीच. ती मनाच्या व्यापारांसारखी चालणारी स्वतंत्र कला आहे. क्लोज-अप म्हणजे आपलं अवधान, मागे जाणारं दृश्य म्हणजे आपली स्मृती. या कसोटीवर फोर्ब्स-रॉबर्टसन नापासच. प्रेक्षकाच्या पाठांतरावर जगणारी कला ही उसन्या श्वासावर जगते. पाठांतर संपलं की ती संपली. हे खरंच आहे. आम्ही एवढंच म्हणतो की त्या काळापुरता तो श्वास होता, आणि तो खोटा नव्हता.

हाच वाद आपल्या दारात आहे. १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ लागला. रामराव कीर्तीकरांच्या नाटकाचं ते चित्रण. पुढच्या वर्षी ३ मे १९१३ला त्याच ठिकाणी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारताचा पहिला कथापट म्हणून मान ‘हरिश्चंद्रा’ला दिला जातो आणि ‘पुंडलिक’ला नाकारला जातो, तेव्हा एक मुख्य कारण हेच पुढे केलं जातं की ती ‘नुसती नाटकाची फीत’. शिवाय छायाचित्रकार विलायती आणि फीत धुतली लंडनला. फाळक्यांच्या मोठेपणाबद्दल आम्हांला शंका नाही. पण ‘नुसती’ हा शब्द खटकतो. ‘हरिश्चंद्र’ तरी नाटकापासून कितीसा लांब होता? दत्तात्रय दबके रंगभूमीवरून आलेले. तारामती झाले अण्णा साळुंके, नाटकाच्याच रिवाजाने. आणि कथा अशी की आख्यानांतून, नाटकांतून प्रत्येकाने ऐकलेली. डोंबाघरी राबणारा राजा पडद्यावर आला की शब्द प्रेक्षकांनीच भरायचे. इंग्लंडात हॅम्लेटला जी सवलत मिळाली तीच इथे हरिश्चंद्राला आणि पुंडलिकाला.

मग शब्दांवर आणि पाठांतरावर अजिबात न रेलता नाटक पडद्यावर आणता येतं का? येतं, आणि त्याचा सर्वांत धाडसी दाखला १९२१च्या सुमाराचा जर्मन ‘हॅम्लेट’ आहे. आस्टा नील्सन ही डॅनिश अभिनेत्री, मूकपटांची सम्राज्ञीच म्हणा ना, तिने स्वतःची कंपनी काढून तो केला. दिग्दर्शक स्वेन्ड गाडे आणि हाइन्झ शाल. एडवर्ड व्हायनिंग नावाच्या, रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका अमेरिकन माणसाने १८८१ साली पुस्तक लिहून असं मांडलं होतं की हॅम्लेटचा स्वभाव इतका स्त्रीसारखा आहे की तो खरोखर स्त्रीच असावा. विद्वानांनी ते बाजूला सारलं. नील्सनने ते उचललं. तिच्या चित्रपटात हॅम्लेट मुलगीच आहे. राजा लढाईत पडल्याची बातमी येते, गादीला वारस हवा, म्हणून राणी नवजात मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते. ती मुलगी जन्मभर राजपुत्राच्या कपड्यांत वावरते, होरेशिओवर प्रेम करते, सांगू शकत नाही. आणि तो ऑफेलियाकडे ओढला जातो तेव्हा ते नुसतं बघते. मरताना होरेशिओचा हात तिच्या छातीला लागतो आणि त्याला कळतं.

गंमत पाहा. शेक्सपिअरचा हॅम्लेट का बोलतो? कारण त्याला करता येत नाही. त्याचं सगळं दुखणं भाषणात आहे. नील्सनच्या हॅम्लेटला मुळात बोलताच येत नाही, कारण बोलली तर उघडी पडेल. मूकपणा ही माध्यमाची अडचण होती, तिने ती पात्राची परिस्थिती करून टाकली. तिचे डोळे पाहा, त्यात सात्त्विक अभिनय कशाला म्हणतात ते दिसतं. आणि हे करताना त्या मंडळींनी शेक्सपिअरला ओलांडून मागे, जुन्या डॅनिश बखरीतल्या ॲम्लेथच्या गोष्टीकडेही हात घातला, जिथून ते कथानक मूळ आलं होतं. शेक्सपिअरचे शब्द काढले की उसनी गोष्ट तेवढी उरते, असं सुरुवातीला म्हणालो ना? ती उसनी गोष्ट घेऊन तिने दुसरंच नाटक उभं केलं. हे शेक्सपिअरचं रूपांतर आहे का? आम्ही होय म्हणतो. आमचे एक इंग्रजीचे प्राध्यापक मित्र ठाम नाही म्हणतात, आणि या विषयावर आमचा चहा नेहमी गार होतो.

एक गोष्ट मनाला लागून राहते. आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, १८८३ साली ते छापलं गेलं. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी तो हॅम्लेट करायचे, आणि त्या काळच्या जाणत्यांनी त्यांच्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून आजही हुरहुर लागते. गणपतराव १९२२ साली गेले. फोर्ब्स-रॉबर्टसनचे समकालीनच, आणि ते गेले तोवर मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे कॅमेरे फिरत होते. ओठ हलताना दिसले असते तरी आगरकरांचे शब्द जाणणाऱ्या एखाद्याने ते भरून काढले असते. कलकत्त्याला हिरालाल सेन यांनी क्लासिक थिएटरच्या नाटकांतले प्रसंग चित्रित केले होते खरे, पण त्यांचं सगळं काम १९१७च्या आगीत गेलं. बार्करने जाळलं ते ठरवून, इथे ते आपसूक जळालं. गणपतरावांच्या बाबतीत तर जाळायलासुद्धा काही नाही.

असो. वेळ होत आलीय. प्रश्न खाली येऊन घेऊ, जिन्यातही चालतील. त्याआधी ट्रीचा तो ‘किंग जॉन’ दाखवायचा आहे. दीड मिनिट तर आहे. शेवटच्या अंकातला प्रवेश आहे, राजाला विष चढलंय, एवढं लक्षात ठेवा. ज्यांना त्याचं शेवटचं भाषण ठाऊक असेल त्यांनी मनातल्या मनात म्हणावं, आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहावं. मागचे दिवे घालवता का कुणी? आणि आवाज बंदच राहू द्या, त्यावरचा पियानो नंतर कुणीतरी जोडलेला आहे.